मेलेलं पान सोडा, नवं पान बघा

माशांच्या टाकीत नवी झाडं लावली की पंधरवड्याच्या आत मला फोटो यायला लागतात. पान अर्धवट पारदर्शक झालेलं, कडा तपकिरी, देठाजवळ लिबलिबीत. खाली एकच ओळ: "मावशी, मेलं का गं हे?" भाची सध्या या टप्प्यावर आहे. तिला माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: मधोमध, जिथून पान फुटतं तिथे काय दिसतंय? तिथे हिरवं टोक असेल तर झाड जिवंत आहे, जुन्या पानाचं सुतक आवरतं घे.

होतं असं की, टाकीसाठी विकली जाणारी बरीचशी झाडं मुळात पाण्याबाहेर वाढवलेली असतात. मुळं ओली, पानं दमट हवेत. रोपवाटिकेला ते सोयीचं पडतं: झाड लवकर वाढतं, शेवाळ लागत नाही, गोगलगायी येत नाहीत. पण हवेतलं पान जाडसर असतं, त्यावर मेणाचा थर असतो, श्वासाला रंध्रं असतात. पाण्यात बुडाल्यावर यातलं काहीच कामाला येत नाही. पाण्याखालचं पान पातळ लागतं, म्हणजे विरघळलेला वायू आणि क्षार थेट त्याच्या पृष्ठभागातून आत शिरतात. म्हणून झाड जुन्या पानांतलं जेवढं काढून घेता येईल तेवढं काढून घेतं आणि नव्या घडणीची पानं फोडतं. ॲमेझॉन स्वोर्डची हवेतली पानं रुंद, लांब देठाची असतात आणि पाण्यात आलेली लांबट, आखूड देठाची. दोन्ही शेजारी धरली तर ही एकाच झाडाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

क्रिप्टोकोरिन, म्हणजे आम्हा लोकांचं क्रिप्ट, हे झाड त्यात आणखी नाटकी. आधीपासून पाण्यात असलेलं क्रिप्टसुद्धा एका टाकीतून दुसरीकडे हलवलं, पाणी बदललं, दिवा बदलला, की सगळी पानं टाकून देतं. कधी कधी रात्रीतून. वर काहीच उरत नाही आणि लोक ते उपटून फेकतात. उपटू नका. मुळं शाबूत असतील तर काही आठवड्यांत त्याच जागी कोवळी पानं येतात, आणि एकदा रुळलं की ते वर्षानुवर्षं हलत नाही. क्रिप्टची एकच अट असते, त्याला जागेवर राहू द्यायचं. टाकीची मांडणी दर महिन्याला बदलणाऱ्यांनी क्रिप्ट घेऊच नये, असं माझं मत आहे.

आता दिव्याबद्दल, कारण बहुतेक टाक्या तिथे बिघडतात.

दिवा जास्त म्हणजे झाडं खूश, हे अर्धंच खरं आहे. दिवा झाडाची भूक वाढवतो. उजेड वाढला की झाडाला कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो, नायट्रोजन जास्त लागतो, पोटॅशियम, लोह, सगळंच जास्त लागतं. त्यातलं एक जरी कमी पडलं तरी वाढ तिथेच अडते. किमान घटकाचा हा नियम एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लोकप्रिय केला; तो शेतीसाठी होता, पण काचेच्या टाकीत तो जितका उघडा दिसतो तितका शेतातही दिसत नसेल. झाड अडलं की उरलेला उजेड कोण वापरणार? शेवाळ. त्याची गरज फार थोडी असते आणि ते वाट बघत बसलेलंच असतं.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी का पडतो, तेही सांगते. हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. त्यात पानाभोवती पाण्याचा एक स्थिर थर चिकटलेला असतो, तो ओलांडून वायू आत जायला हवा. हवेशी समतोल साधलेल्या साध्या पाण्यात हा वायू लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी असतो. मासे आणि जिवाणू श्वासातून थोडी भर घालतात, तरी फार नाही. टाकीला या वायूचा सिलिंडर लावणारे लोक तो लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास नेतात. म्हणजे सिलिंडरवाल्याचा व्हिडिओ बघून तोच दिवा आपल्या साध्या टाकीवर लावायचा, हे गणित जमतच नाही.

माझ्या तीन फुटी टाकीवर सिलिंडर नाही आणि लावायचाही नाही. मासे आहेत म्हणून. कार्बन डायऑक्साइड वाढवण्यात वाव असतो तो फक्त झाडांच्या बाजूने. माशांच्या बाजूने तो झपाट्याने संपतो. व्हॉल्व्ह थोडा सरकला, की मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. रात्री दिवा बंद झाल्यावर झाडंही प्राणवायू घ्यायला लागतात, मग सिलिंडरचा वायू चालू राहिला तर पहाटे परिस्थिती सगळ्यात वाईट असते. सिलिंडर काळजीपूर्वक चालवणारे आहेत, त्यांच्या टाक्या देखण्या असतात, नाकारत नाही. ते टायमर लावतात, दिव्याच्या आधी तासभर वायू सुरू करतात, आणि रंग बदलणारा सूचक काचेला चिकटवतात: निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे धोका. फक्त हा सूचक तास-दोन तास मागे चालतो, हे विसरू नये. माशांच्या कल्ल्यांकडे बघणं त्याहून जलद.

माझा हिशेब साधा आहे: दिवसाला सहा ते सात तास, मध्यम दिवा, टायमरवर. हाताने चालू-बंद करणाऱ्यांचा दिवा रोज वेगळा वेळ जळतो. सुटीच्या दिवशी बारा तास, एरवी चार. झाडाला असलं चालत नाही. नव्या टाकीत तर मी सहाच्या वर जात नाही, जोपर्यंत नवी पानं दिसत नाहीत. वाढवायचं असेल तर आठवड्याला अर्धा तास, आणि त्या आठवड्यात दुसरं काही बदलायचं नाही. खत, दिवा, फिल्टर, तीनही एकदम बदलून "कशाने फरक पडला?" असं विचारणाऱ्याला उत्तर देणं कुणालाच शक्य नाही.

लाल झाडांचा नाद हा याच दिव्याच्या मोहाचा चुलतभाऊ. रोटाला या झाडाचं टोक गुलाबी झालं की फोटो छान येतो. पण तो रंग पुष्कळदा जोरदार उजेड आणि मोजून कमी ठेवलेला नायट्रोजन यांतून काढलेला असतो. मासे भरलेल्या टाकीत नायट्रोजन कमी ठेवणं म्हणजे माशांना उपाशी ठेवणं किंवा पाणी सतत बदलणं. मला हिरवं चालतं.

माशांकडून झाडांना काय मिळतं? नायट्रोजन आणि फॉस्फरस, बऱ्यापैकी. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण बहुतेक पाणवनस्पतींना अमोनियमच आधी आवडतं, नायट्रेट नंतर. म्हणून जोमाने वाढणारी झाडं असली की माशांनाही निर्धास्त पाणी मिळतं, फिल्टरच्या आधीच माल उचलला जातो. इथे काम करतात ती भराभर वाढणारी झाडं: हॉर्नवर्ट, हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया, पाण्यावर तरंगणारा सॅल्व्हिनिया. ॲन्युबियस देखणं असतं, पण महिन्याला एखादं पान काढणारं झाड अमोनिया किती उचलणार? पहिल्या दिवशी टाकी भराभर वाढणाऱ्या झाडांनी गच्च भरा, हवी ती शोभेची झाडं नंतर आणा, असं मी सगळ्यांना सांगते आणि बहुतेकजण ऐकत नाहीत.

पोटॅशियम आणि लोह मात्र माशांच्या खाण्यातून पुरेसं येईलच असं नाही. ते ओळखायचं पानावरून, आणि इथे नवं पान-जुनं पान हा भेद सोन्यासारखा उपयोगी पडतो. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं. तेव्हा त्यांची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते. जुनं पान सगळंच पिवळं पडत चाललं तर नायट्रोजन. जुन्या पानावर टाचणीएवढी भोकं, भोवती पिवळी कड, तर पोटॅशियम. लोह आणि कॅल्शियम झाडाला हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की नवं पान बिघडतं: लोह नसेल तर ते फिक्कट, जवळजवळ पांढरं, शिरा तेवढ्या हिरव्या, कॅल्शियम नसेल तर वाकडंतिकडं, आखडलेलं. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी खतं विकत घ्यावी लागत नाहीत.

भोकं दिसली की माशांवर आळ घेण्याआधी हे बघावं. माशाने कुरतडलेलं पान कडेपासून खाल्लेलं असतं किंवा वरचा थर खरवडून जाळी केलेली असते. माझा ब्रिसलनोज, म्हणजे शेवाळ खरवडणारा मासा, भुकेला असला की स्वोर्डच्या रुंद पानांची अशी जाळी करतो. काकडीची चकती टाकली की पान सोडतो. गोल्डफिशची गोष्ट वेगळी. त्याला मऊ झाड म्हणजे जेवण, त्यावर उपाय नाही. फक्त ॲन्युबियस आणि जावा फर्न त्याच्या तोंडाला फारसं लागत नाही. मोठे सिक्लिड मासे खात नाहीत तेवढे उकरतात. तळाशी फिरणारे कोरिडोरस मासेही उकरतात, पण बिचारे प्रेमाने. मुळं धरलेल्या झाडाला त्यांचा त्रास नाही, नुकत्याच लावलेल्याला आहे. म्हणून नव्या रोपाभोवती मी पहिले काही आठवडे चार-पाच गोटे ठेवते.

ॲन्युबियस आणि जावा फर्नचं एक पथ्य सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. दोघांनाही आडवं, जाड खोड असतं, राइझोम. ते वाळूत पुरायचं नाही. पुरलं की कुजतं, आणि कुजलं की हाताला लागताच पान सुटून येतं. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा, नाहीतर सुपरग्लूच्या जेलचा थेंब लावा. ते पाण्यात घट्ट होतं आणि माशांना बाधत नाही. मुळं स्वतःच दगड पकडतात. जावा फर्नच्या जुन्या पानामागे तपकिरी ठिपके आले की लोक रोग समजतात. ते बीजाणू असतात. पानाच्या टोकाला छोटं रोप मुळांसकट लटकताना दिसेल, ते काढून दुसऱ्या लाकडावर लावायचं, दुकानात जायचं कारण उरत नाही.

व्हॅलिस्नेरिया माझं सगळ्यात लाडकं. रिबनसारखी पानं, खालून धावरे (आडव्या पसरणाऱ्या फांद्या) सोडून चार-सहा महिन्यांत मागची काच झाकतं. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात त्याला त्रास कमी होतो, कारण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही ते कार्बन मिळवू शकतं. हायड्रिलालाही ते जमतं, मॉसला नाही. म्हणून जड पाण्यात व्हॅलिस्नेरियाच्या पानावर कधी पांढरट, खरखरीत थर बसतो, तो चुन्याचा. आणि याची फुलं! मादी फूल लांब, मळसूत्री देठावर पृष्ठभागापर्यंत येतं. नर फुलं तळाशी तुटून सुटी होतात आणि तरंगत तिच्यापाशी पोचतात. टाकीत हे घडताना सहसा दिसत नाही, पण मळसूत्री देठ दिसला तर तो कापू नका.

याच झाडाशी जोडलेली एक जुनी गोष्ट मला फार आवडते. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. १२ गॅलनचं काचपात्र, तळाशी वाळू आणि चिखल, दोन लहान गोल्डफिश आणि एक व्हॅलिस्नेरिया. मासे आणि झाड एकमेकांना सांभाळतील, हा विचार. सुरुवातीला जमलं. मग झाडाची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर बसला. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि तो थर खाल्ला, आणि त्यांची पिल्लं माशांनी खाल्ली. पाणी निवळलं.

म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीही अडचण कुजक्या पानाचीच होती, आणि आजही लोक गोगलगाय दिसली की औषध शोधतात. लहान गोगलगायी निरोगी पान खात नाहीत. मेलेलं, मऊ पडलेलं खातात. त्या बेसुमार वाढल्या तर तो तुमच्या चिमटीचा दोष, खाणं जास्त पडतंय. आठवड्याला एकदा कात्रीने पिवळी पानं देठापासून काढून टाकली की त्या पानांचा अमोनिया पाण्यात येत नाही आणि शेवाळाला आयतं जेवण मिळत नाही. गोगलगायी मारायला तांब्याचं औषध घालू नका, कोळंबीही त्यातच जाईल. कोळंबीचा विषय निघालाच आहे, तर जपानी छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी टाकीतलं शेवाळ खाण्यासाठी लोकप्रिय केलेली कोळंबी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती भुकेली असली तर काम करते. भरपेट खाल्लेली कोळंबी कशाला कष्ट घेणार?

शेवाळाच्या जातींवर मी पानंच्या पानं लिहू शकते, पण थोडक्यात आवरते. नव्या टाकीतला तपकिरी थर म्हणजे डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, तो आपोआप जातो, काही करू नका. काचेवर आणि ॲन्युबियसवर घट्ट हिरवे ठिपके म्हणजे दिवा झाडाच्या वाढीच्या मानाने जास्त. दाढीसारखे काळे झुबके हे प्रत्यक्षात लाल शेवाळ असतं. ज्या पानांवर बसलंय ती कापा, फिल्टरचा प्रवाह नीट करा, आणि वायू वरखाली करू नका. निळसर हिरवी, चिकट, कुबट वास येणारी चादर पसरली तर ते शेवाळ नसतं, जिवाणू असतात. त्या चादरी आधी नळीने ओढून काढा, मग टाकी तीन दिवस पूर्ण अंधारात झाका, हवेचा पंप मात्र चालू ठेवा.

'द्रव कार्बन' नावाने जे विकतात त्यात बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं. हे मुळात निर्जंतुकीकरणाचं रसायन. शेवाळ मारतं खरं, पण व्हॅलिस्नेरिया आणि मॉसही त्याने वितळतं, मात्रा चुकली तर कोळंबी आणि मासेही. बाटलीवर 'कार्बन' लिहिलं म्हणून ते झाडाचं जेवण होत नाही.

माशांना औषध द्यायची वेळ आली तर वेगळ्या भांड्यात द्या. मीठ बऱ्याच नाजूक झाडांना सोसत नाही, रंगीत औषधांनी सिलिकॉन कायमचं रंगतं, आणि फिल्टरमधले जिवाणूही दुखावतात. साधी प्लॅस्टिकची बादली, हवेचा दगड, हीटर, एवढं पुरतं.

उन्हाळ्यात झाडांपेक्षा माशांकडे जास्त बघावं लागतं. २० अंशांना पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात रात्री झाडंही वाटा मागतात. दिवसा पानांतून मोत्यांसारखे बुडबुडे निघताना बघून वाटतं, प्राणवायू भरपूर आहे. ते दुपारचं चित्र. पहाटेसाठी फिल्टरचं तोंड थोडं वर करून पाणी हलतं ठेवायचं. सॅल्व्हिनियानं पृष्ठभाग पूर्ण झाकला असेल तर निम्मा काढून टाका. तरंगत्या झाडाला कार्बन थेट हवेतून मिळतो, त्यामुळे ते खालच्या सगळ्यांना सहज मागे टाकतं आणि उजेडही अडवतं. काढलेला ढीग ओढ्यात, तळ्यात टाकायचा नाही; सॅल्व्हिनिया, हायड्रिला या मंडळींनी जगभर तळी बुजवली आहेत. उन्हात कडकडीत वाळवायचा, मग कचऱ्यात.

शेवटी गावाला जाण्याबद्दल, कारण दर सुटीत हा प्रश्न येतो. निघण्याआधी जोरदार छाटणी करू नका, जास्तीचं खत घालू नका, फिल्टर धुऊ नका. पाणी दोन-तीन दिवस आधी बदला, निघायच्या दिवशी नको. दिवा टायमरवर पाच तासांवर आणा. प्रौढ, धडधाकट मासे आठवडाभर न खाता सहज राहतात, आणि शेवाळ कुरतडणारे तर उलट कामाला लागतात. शेजाऱ्यांना किल्ली द्यायचीच असेल तर खाण्याच्या चिमटीभर पुड्या बांधून, त्यावर वार लिहून ठेवा, आणि डबा लपवा.